मांडीवरची जागा

सदतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केल्यावर माणूस भुताला घाबरत नाही. भूत आलंच, तर अर्ज आणलाय का, एवढंच विचारतो. वाकोल्याचा बॅप्टिस्ट परेरा असाच होता. मुलाने, क्लेटनने, आयर्लंडला फिरायला बोलावलं आणि बायको आयडा म्हणाली, "परका मुलूख आहे, खिशात रोझरी ठेव," तेव्हा तो हसला.

"तिथली भुतं इंग्रजी बोलतात. माझ्या वाटेला नाही जायची."

आयडाची एक सवय होती. गर्दीच्या बसमध्ये कुणाचंही पोर लोंबकळताना दिसलं की ती त्याला ओढून घ्यायची. "ये, मांडीवर बस. जागा होते." वाकोला ते कुर्ला अशी किती परकी पोरं तिने वाहून नेली असतील, देव जाणे. स्वतःच्या नातवंडाची मात्र नुसती वाटच पाहणं चाललं होतं. अडतिसाव्या वर्षी क्लेटनने त्यांना कुत्र्याचा फोटो पाठवला होता.

रविवारी सकाळी तिघं किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले. क्लेटन चालवत होता, बॅप्टिस्ट त्याच्या शेजारी, आयडा मागे एकटी. डावीकडे खोल खाली समुद्र, उजवीकडे हिरवे डोंगर, आणि रस्त्यात जागामालकासारख्या उभ्या राहिलेल्या मेंढ्या. सगळं झकास चाललं होतं. दुपारी एका वळणावर टायर बसला.

क्लेटन चाक बदलेपर्यंत आयडा रस्त्याकडेच्या एका क्रॉसपाशी जाऊन उभी राहिली. क्रॉसवर काचेत एका मुलीचा फोटो होता. सहा-सात वर्षांची, पुढचा दात पडलेला. खाली लिहिलेलं क्लेटनने हात पुसत वाचलं.

"इथून गाडी खाली गेली होती, मम्मी. आईबापांनी पट्टे लावले होते, ते वाचले. ही मागे मोकळीच बसली होती."

आयडाने छातीवर क्रॉसची खूण केली. काचेवरचं पाणी रुमालाने पुसलं आणि सवयीने बोलून गेली, "एकटी नको उभी राहू गो बाय. चल आमच्याबरोबर. मांडीवर बस, जागा होते."

"आयडा, गाडी भाड्याची आहे," बॅप्टिस्ट म्हणाला. "कागदावर माणसं तीनच लिहिलीत."

तिघंही हसले.

गाडी सुरू झाली आणि टुंग टुंग वाजायला लागलं. समोर लाल दिवा. मागच्या सीटवर, आयडाच्या शेजारी, कुणीतरी पट्टा न लावता बसलंय, असं गाडीचं म्हणणं होतं.

"मम्मी, पिशवी खाली ठेव."

"पिशवी माझ्या पायाशीच आहे रे."

"मग सेन्सर गंडलाय."

बॅप्टिस्ट उतरला, मागे गेला आणि रिकाम्या सीटला पट्टा लावून आला. वाजणारी वस्तू आपल्याकडे कुणी दुरुस्त करत नाही, गप्प करतात. दिवा हिरवा झाला. सीट मात्र हाताला ओलीगार लागली होती, आणि बोटांना शेवाळाचा वास राहिला.

तासाभराने धुकं उतरलं. समुद्र दिसेनासा झाला, नुसता ऐकू येत राहिला. क्लेटन काचेला नाक लावून चालवत होता. मागे आयडा अगदी हळू, स्वतःशीच, काहीतरी गुणगुणत होती. क्लेटन पाळण्यात असताना गुणगुणायची तसं.

खट्ट.

पट्टा सुटल्याचा आवाज. दिवा लाल. क्लेटनने दचकून मागे पाहिलं, गाडी डावीकडे ओढली गेली, करकरत घासली आणि थांबली. पुढचं चाक मातीवर होतं. मातीच्या पुढे फक्त धुकं.

टुंग टुंग चालूच होतं.

"मम्मी... तू सोडलास पट्टा?"

"मी कशाला सोडू..."

आलेल्या माणसाला खिडकीवरून परत पाठवण्यात बॅप्टिस्टचा जन्म गेला होता. तो उतरला आणि मागचं दार उघडून उभा राहिला.

"बाळा," तो रिकाम्या सीटला म्हणाला, "हे माझं माणूस आहे. मला ते धडपणी घरी न्यायचंय. तू उतर..." मग त्याला भाषेची आठवण झाली. "प्लीज. गेट डाऊन."

धुक्याची एक थंडगार झुळूक आत शिरली. आयडाचे डोळे भरून आले.

"असं वाटेत उतरवतात का रे पोराला?"

तिने दोन्ही हात पुढे केले आणि मांडीवर परत घेतले. टुंग टुंग थांबलं. दिवा विझला.

बॅप्टिस्टने दार लावलं. प्रकरण निकाली, तो मनात म्हणाला.

पाच दिवसांनी सकाळी ते मुंबईत उतरले. अख्ख्या प्रवासात आयडा जागेवरून उठली नव्हती. पायांना मुंग्या आल्यात म्हणत होती, पण चेहरा कसा, लग्नातल्या फोटोसारखा. टॅक्सीत दोघं मागे बसले.

"आंटी, पट्टा लावा हां," टॅक्सीवाला म्हणाला. "आता मागेपण कंपल्सरी आहे."

आयडाने पट्टा ओढला. ओढतच राहिली. मग खट्ट.

वाकोल्याच्या सिग्नलला टॅक्सी थांबली. उन्हं थेट आत आली होती. बॅप्टिस्टने सहज शेजारी पाहिलं. पट्टा चांगला ताणलेला होता, पण आयडाच्या अंगाला कुठेच टेकलेला नव्हता. तो तिच्यापासून वीतभर पुढे होता, हवेत, गोल वळलेला.

"आयडा..."

"हळू बोल," ती कुजबुजली. "आता कुठे डोळा लागलाय."

आणि तिच्यापासून वीतभर पुढे तो पट्टा सावकाश वर येत होता, खाली जात होता.