वापरलेला कंदिल्या

चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. त्या वेळात चष्मेवाला काचा घासायचं यंत्र बंद करायचा, हात धुवायचा आणि रस्ता ओलांडून कुरियरच्या कचेरीत पार्सल आणायला जायचा. तिथल्या खिडकीतल्या बाईला आता तो चांगला माहीत झाला होता. आणखी एक बाहुला का, असं ती हसत विचारायची, आणि तोही कसनुसं हसून सही करायचा. पन्नाशी उलटलेला, गळ्यात दोरीने भिंग अडकवलेला माणूस बाहुल्याचं खोकं काखेत मारून निघालेला बघून तिला गंमत वाटत असावी. वाटू दे, असं तो मनात म्हणायचा. खरं काय ते सांगितलं असतं, तर तिची पंचाईत झाली असती.

खरं असं होतं, की त्याची एकुलती एक लेक आगीत गेली होती. तान्ही असताना ती रडून अख्खी इमारत डोक्यावर घ्यायची, म्हणून तिचं नाव टिटवी पडलं आणि मोठेपणीही तेच राहिलं. नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात एकटी राहत होती. तिथे एका पहाटे तिच्या खोलीतल्या विजेच्या तारा जळाल्या. आईबाप पोचले तेव्हा त्यांना दाखवण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. तिचे बाहुलेही उरले नव्हते.

बाहुले कापडी होते, कापूस भरलेले, जपानी कार्टूनमधले. समुद्रकाठच्या दीपगृहाची ती मालिका होती. तिच्यात बिज्जू नावाच्या प्राण्याच्या कानांची टोपी घातलेला एक बुटका पोरगा होता. तो कंदील सांभाळायचा, फारसं बोलायचा नाही, बाकीचे परत यायची वाट बघायचा. त्याचं खरं नाव घरात कुणालाच नीट म्हणता येत नसे, म्हणून आईने त्याला कंदिल्या करून टाकलं. मालिका कधीच बंद पडली होती, कंपनीने बाहुले काढणंही थांबवलं होतं, त्यामुळे मिळायचे ते जुनेच, लोकांनी वापरून विकलेले. पण टिटवीला तेच हवे असायचे. नवे मिळाले असते तरी घेतले नसते, असं ती म्हणायची. ह्यांना आधी कुणीतरी कुशीत घेतलंय बाबा, आता माझी पाळी.

ती गेल्यावर बायकोने केस बारीक कापून टाकले आणि बोलणं बंद केलं. कित्येक महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग एक दिवस लेकीने पाठवलेला जुना फोटो तिच्या हाती लागला. फोटोत टिटवीच्या खोलीतलं फळकूट होतं आणि त्यावर ओळीने बसलेले कंदिल्ये. बायको उठून बसली. तिने फोनवर शोधलं, आणि तसाच एक बाहुला मागवला. मग दुसरा. ती जेवू लागली, केसांना पुन्हा रंग लावू लागली. घरात आवाज आला. चष्मेवाल्याला एवढंच पुष्कळ होतं.

प्रत्येक बाहुल्याला परक्या घराचा वास असायचा. बायको खोकं उघडून आधी नाक लावायची. हा विडी ओढणाऱ्याकडचा, हा कपाटात कोंडून ठेवलेला, ह्याच्या मालकिणीला साबणाचं वेड होतं, असं सांगून ती त्याला लेकीच्या जुन्या खोलीत नेऊन बसवायची. ती कधी कधी हसायचीसुद्धा.

त्या दिवशी त्याने आणलेलं पार्सल तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. नाक लावलं. तिने बाहुल्याचा डावा कान मुडपला आणि त्याच्यापुढे धरला.

कानामागे हिरव्या नेलपॉलिशचा डाग होता.

हा डाग याच टेबलावर पडला होता. टिटवी कॉलेजात होती, बाटली लवंडली, तिने रडून गोंधळ घातला. बापाने दुकानातलं स्पिरिट आणून डाग पुसायला घेतला आणि आणखीच पसरवून ठेवला. लेक दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. आता त्याने भिंग डोळ्याला लावलं. डाग होता, आणि डागाभोवती पुसल्याचा फिकट वळसाही होता, खालून वर गेलेला. आपला हात माणसाला ओळखू येतो.

तो बाहुला तिने बरोबर नेला होता. तो तिच्याबरोबर जळाला होता.

"असतात असे डाग," तो म्हणाला. "नेलपॉलिश काय, कुणाचंही सांडतं."

"हो," बायको म्हणाली. ती बाहुल्याला छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा इतका उजळला होता, की त्याला तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर आलेले सगळे लेकीचेच होते. विकणारे वेगवेगळे, गावं वेगवेगळी, पण खोकं उघडलं की घरात टिटवीच्या शांपूचा वास पसरायचा. त्याने विकणाऱ्यांना विचारून बघितलं. एकाचंच उत्तर आलं. जुन्या खेळण्यांच्या पोत्यात आला, कुठून आला ते ठाऊक नाही, असं त्याचं म्हणणं. बायकोला असल्या चौकशा नको होत्या. येतेय ना ती, येऊ दे, एवढंच ती म्हणायची. दुपारभर ती त्या खोलीत बसून बोलत राहायची. दाराबाहेरून त्याला तिचा आवाज ऐकू यायचा. मधेच ती थांबायची, कुणी बोलत असलं की आपण थांबतो तशी, आणि मग हुंकार भरायची.

कंदिल्याची टोपी हनुवटीखाली वेलक्रोने चिकटायची. त्या वेलक्रोत त्याला पहिला केस सापडला. केस काळा होता आणि टोकाला निळा. जायच्या आधी टिटवीने केसांची टोकं निळी रंगवून घेतली होती आणि त्यावरून मायलेकींची जुंपली होती. त्याने तो केस कागदाच्या घडीत घालून दुकानात नेला आणि मोठ्या भिंगाखाली ठेवला. मग पुढच्या बाहुल्यातला त्याच्या शेजारी ठेवला. मग त्याच्या पुढचा.

दुसरा केस पहिल्यापेक्षा लांब होता. निळा रंग अगदी टोकाशी उरला होता. तिसऱ्यात निळं काहीच नव्हतं. चौथा मुळाशी पांढरा होता.

तो यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून राहिला. एक गिऱ्हाईक आलं, चष्म्याची दांडी सैल झाली होती. त्याने ती आवळून दिली, पण माणूस गेल्यावर त्याला त्याचा चेहरा आठवेना.

घरी त्याने चकार शब्द काढला नाही. पण बाहुले आता फार झिजलेले येऊ लागले होते. डोळ्यांचे टाके उसवलेले, तोंड पुसून गेलेलं, कापूस चेपून एका बाजूला गेलेला. कापड ताठ, खरखरीत. शांपूचा वास जाऊन तिथे नुसता खारट दर्प उरला होता. एक दिवस तो घरी आला तेव्हा बायको मोरीत बाहुला धूत बसली होती. तिने ओंजळीतलं पाणी जिभेला लावलं. ते खारट होतं.

"अहो..." ती म्हणाली. "म्हातारी होतेय ती."

तो दारातच थांबला.

"तुम्हाला माहीत होतं."

"केस बघितले मी," तो म्हणाला.

"मला वाटलं होतं, ती आपल्याकडे यायला निघालीय." तिने बाहुल्याचा गाल अंगठ्याने चोळला. "ती कुठे निघालेली नाही हो. तिथेच आहे. कुठे आहे कोण जाणे... तिथे वर्षं भराभर जातात. आणि ती ह्याला धरून रडते, दुसरं कुणीच नाही तिथे."

तो तिला समजवायला गेला. काय बोलला ते त्याचं त्यालाच नीट कळलं नाही. तिने ऐकून घेतलं, बाहुला पिळला नाही, टॉवेलमध्ये अलगद गुंडाळून खोलीत नेला.

तिने आणखी एक मागवला. त्यातला केस कापसाच्या धाग्यासारखा होता, धरला तर तुटेल असा. त्या संध्याकाळी त्याने बायकोच्या फोनवरून, ज्यावर ती बाहुले मागवायची ते खातंच काढून टाकलं. ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती भांडली नाही. पलंगाच्या कडेला बसून शांतपणे म्हणाली, "एकदा गेली तेव्हा आपण जवळ नव्हतो. आता पुन्हा जाईल. तेव्हाही नसू."

मग तिने जेवण सोडलं. लेकीच्या पलंगावर तो शेवटचा बाहुला कुशीत घेऊन ती पडून असायची. डॉक्टर आले, औषधं झाली, हृदय थकलंय म्हणाले. बायकोची बहीण येऊन राहिली, तिने भरवून पाहिलं. बायको कुणाशी वाईट वागली नाही, फक्त घाई असल्यासारखी दिसायची. एकदा तिने नवऱ्याचा हात धरला आणि विचारलं, "मी गेले तर सापडेल ना हो ती मला?" त्याने हो म्हणायला हवं होतं. त्याने तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. पुढच्या आठवड्यात, दुपारी, बहीण चहा टाकायला उठली तेवढ्यात ती गेली.

माणसं आली, गेली. बहीणही आपल्या घरी परतली. खोलीचं दार त्याने लावून घेतलं आणि दुकानात जाऊ लागला. काचा घासाव्यात, बसवाव्यात, घरी येऊन भात टाकावा आणि उभ्याउभ्या खावा, असे दिवस गेले. त्याला एकच विचार धरून ठेवत होता. तिथे आता त्या दोघी असतील. कुठेही का असेना, दोघी असतील.

आणि कुरियरच्या कचेरीतून फोन आला.

त्याने काही मागवलं नव्हतं. खिडकीतल्या बाईने या वेळी काही विचारलं नाही. बातमी एव्हाना तिच्यापर्यंत पोचली होती. तिने सहीसाठी पेन पुढे केलं आणि नजर खाली घातली. त्याने दुकान बंद केलं आणि खोकं घेऊन घरी आला.

आत कंदिल्या होता. फार झिजलेला नव्हता. त्याने तो टेबलावर उताणा ठेवला, खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि भिंग डोळ्याला लावलं. त्याला दोन केस हवे होते, एक आखूड आणि एक लांब पांढरा. दोन केस सापडले, की तो सुखाने डोळे मिटायला मोकळा होता.

वेलक्रोत एक आखूड केस होता. मुळाशी पांढरा, पुढे घरी लावलेल्या तपकिरी रंगाचा. ज्या केसांना रंग लावायला तो स्वतः मागून मदत करायचा, त्यांतला. त्याने तो बाजूला काढला आणि पुढे शोधू लागला. टोपीच्या शिवणी, कानांच्या आत, हातांच्या बेचक्या, पाठ. सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याने बाहुला उलटा धरून पांढऱ्या कागदावर झटकला. कागदावर थोडी धूळ पडली.

दुसरा केस नव्हता.

"तिथे तिच्याजवळ कुणी नाही..." तो मोठ्याने म्हणाला. त्या घरात कितीतरी दिवसांत कुणी बोललेलं नव्हतं.

बाहुला खाली ठेवताना त्याचा तळवा बाहुल्याच्या पोटावर पडला. तिथे गाल टेकून टेकून पडतो तसा खळगा होता, आणि तो ऊन होता. खिडकीतल्या उन्हाने तापला असेल म्हणून त्याने बाहुला उचलून फरशीवर सावलीत ठेवला, आणि भिंतीला टेकून समोर बसला. ऊन सरकलं. समोरच्या इमारतीतले दिवे लागले. त्याने पुन्हा हात लावून बघितला.

खळगा तसाच ऊन होता, आणि मघापेक्षा थोडा खोल झाला होता.