संघदीपच्या तासातले खाडे

रुपालीच्या आयुष्यात संघदीप आला, तो फुटकी नळी जोडायला.

मे महिन्याचं ऊन, फुलसावंगीचं शिवार, आणि उकंडारावांच्या वावरात ठिबकची नळी ऐन लावणीच्या वेळी फुटलेली. लोहारा गावातल्या ठिबकच्या दुकानातून माणूस येणार, येणार म्हणता म्हणता एकदाचा दुपारी उगवला. उंच, सावळा, कानावर पेन खोचलेला. त्यानं नळी जोडली. पाणी शेवटच्या टोकापर्यंत पोचतं का, हे बघायला अर्धा तास थांबणं त्याला भाग होतं. आणि रिकामा बसलेला माणूस उकंडारावांच्या लेकीला मुळीच खपत नसे.

"बसून काय राह्यले? हे घ्या," म्हणत तिनं सरकीची पिशवीच त्याच्या हातात दिली.

ठिबकचा थेंब पडून जमिनीवर जिथं ओला गोल झाला असेल, तिथं बोटानं खळगा करायचा, कपाशीचं बी टाकायचं, वर माती लोटायची. काम सोपं होतं. रुपाली त्याच्या मागून चालत आली आणि थबकली.

"अहो, एका जागी एकच बी टाकून राह्यले काय तुम्ही?"

"मंग?"

"दोन टाकतेत! एक नाही उगवली तं दुसरी उगवते. येवढं बी समजत नाही?"

"आन् दोन्ही उगवल्या तं?"

"तं एक उपटून टाकाची."

तो उकिडवाच बसला होता. मान वर करून त्यानं तिच्याकडे पाहिलं – जरा जास्तच वेळ. "उपटाचीच हाये तं टाकाची कायले? एकच टाका... आन् तिच्यावर भरोसा ठेवा."

रुपालीनं त्याचा तास, ती ओळ, त्याच्याच हाती सोडली आणि शेजारचा तास धरला. बियाण्याच्या औषधानं दोघांचीही बोटं गुलाबी झाली होती, तेवढंच तिच्या लक्षात राहिलं.

दहा दिवसांनी तिनं पावतीवरच्या नंबरावर फोन लावला. "तुमच्या तासात सात खाडे पडले. सात जागा रिकाम्या! कोन भरन ते?"

"मीच येतो ना," पलीकडून उत्तर आलं. "तुम्ही म्हनाल तं रोज येतो."

सात खाडे भरायला तो चार वेळा आला. पाचव्यांदा आला तेव्हा सोबत आईवडील होते.

गोष्ट इथंच थांबवता आली असती तर किती बरं झालं असतं! पण लग्नाची नऊ वर्षं उलटली, लोहाऱ्यातल्या दोन खोल्यांत दोघंच राहिली, आणि शेवटी त्यांना यवतमाळच्या दवाखान्याची पायरी चढावी लागली. पहिल्या खेपेलाच डॉक्टर अनघा मॅडम म्हणाल्या होत्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या गर्भांपैकी पोटात एकच ठेवू. रुपालीनं हट्टानं दोन ठेवायला लावले. एका जागी दोन, हे तिच्या हातांना लहानपणापासून पाठ होतं.

दोन्ही रुजले. आठवडाभर ती आरशासमोरून हलत नव्हती, आणि संघदीप तिला चिडवायचा, "दोघं दोघं म्हणून येवढा भाव खाऊ नको." पण तिची गर्भपिशवी जन्मापासूनच लहान, त्यात दोघांना जागा पुरेना. पाचव्या महिन्यात दोन्ही गेले आणि त्यांच्यामागे जाता जाता रुपाली कशीबशी वाचली. वावरात दोन्ही कोंब उगवले तर एक उपटता येतो. पोटात काय उपटायचं?

त्याला आता दोन वर्षं झाली होती. दवाखान्याच्या थंड टाकीत शेवटचे दोन गर्भ उरले होते.

"एक ठेवायचा की दोन, ते ठरवून या," मॅडम म्हणाल्या. "माझा सल्ला एकच. दोन ठेवले तर आशा थोडी वाढते, खरंय. पण पुन्हा जुळी राहिली, तर रुपाली, तुझ्या जिवाची हमी मी देऊ शकणार नाही."

नलूबाईंचा, तिच्या आईचा, रोज फोन. "दोनच ठेव वं माय. एकाचा काय भरोसा?" रुपालीच्या मनातही दोनच होते. तिला सदतिसावं लागलं होतं. आणि संघदीप? त्याचं एकच पालुपद – तू म्हणशील तसं.

ठरलेल्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या आवारात, कडुनिंबाखालच्या बाकावर ती फॉर्म घेऊन बसली. आकड्याची जागा कोरी होती. पेन त्याच्याच कानावरचं होतं.

"मी दोन लिहून राह्यली."

"लिह. तू म्हनशील तसं."

"हेच आयकून आयकून कान किटले माहे! लेकरू काय माह्या एकटीचं हाये? तुमाले काही वाटते का नाही?"

त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि तिची गाठ सोडली. आत निळ्या काचेच्या चार बांगड्या होत्या. दवाखान्यात हरवल्या, असं त्यानं दोन वर्षांपूर्वी तिला सांगितलं होतं.

"त्या दिवशी नर्सबाईनं तुह्या हातातून काढून माह्या हातात देल्या," तो म्हणाला. "मले वाटलं... आता येवढंच वापस भेटते मले." त्यानं रुमालाची गाठ पुन्हा मारली. "रोज खिशात ठेवतो, रुपे. लेकरू मले बी पाह्यजे. लय पाह्यजे. पन तुह्याबिगर नाही पाह्यजे."

"मंग येवढे दिवस बोलले काहून नाही?"

"मी एक म्हटलं आन् खाडा पडला तं? जनमभर म्हनशील, तुमच्यापाई पडला."

इतक्या वर्षांत या माणसानं 'तू मला हवीस' असं सरळ शब्दांत कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, तेही फॉर्म भरता भरता. रुपालीला हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही आलं. डोळे पुसून तिनं कोऱ्या जागेत आकडा लिहिला – एक.

मग चौदा दिवस. तिला तो साधी बादली उचलू देईना. ती पोटावर हात ठेवून बसली की तो उगाच खोलीत येऊन काहीतरी शोधायचा. पंधराव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. काहीही नव्हतं.

दवाखान्यात ती रडली नाही. गाडीवर त्याच्या मागे बसली, आणि लोहारा जवळ आलं तेव्हा तिच्या तोंडून ते गेलंच. "दोन ठेवले असते तं..."

गाडी क्षणभर मंदावली, मग पुन्हा चालू लागली. पुढचे चार दिवस घरात "जेवली का?" आणि "हो" एवढंच बोलणं झालं.

पाचव्या दिवशी त्यानं तिला माहेरी आणलं. वावरात कपाशीची लावण चालली होती. नलूबाईंनी काही विचारलं नाही. लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि नेहमीसारखी सरकीची पिशवी तिच्याकडे दिली. रुपालीनं एक तास धरला. शेजारचा तास संघदीपनं कोणी न सांगताच धरला.

निम्म्यावर आल्यावर तिनं सहज मागे पाहिलं, आणि तिचे हात थांबले. तो एका जागी दोन बिया टाकत होता. तळहातावर नीट मोजून दोन, पुढच्या ओल्या गोलात पुन्हा दोन. बिचकत, परीक्षेला बसल्यासारखा.

ती उठून त्याच्याजवळ गेली. "काय करून राह्यले?"

"दोन टाकून राह्यलो." त्याची मान खालीच होती. "आता खाडा नाही पडू देत... तुह्या डोळ्यासमोर."

चार दिवस अडलेलं रडू तेव्हा आलं. भर उन्हात, मातीत बसून ती पोटभर रडली, आणि तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. त्याचेही डोळे वाहत होते. थोड्या वेळानं तिनं समोरच्या खळग्यातलं एक गुलाबी बी उचललं आणि मुठीत धरलं.

"एकच टाका."

"आन् नाही उगवली तं?"

"तं खाडा पडन. तो तुमच्या एकट्याचा नाही, दोघाइचा." तिनं नाक पुसलं. "गाडीवर मी बोलली ते... उगाच बोलली."

यवतमाळच्या टाकीतही अजून एक गर्भ उरला होता. त्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. त्याचं काय करायचं, करायचं की नाही, हे आज कळणार नव्हतं. रुपालीनं मुठीतलं बी पदराच्या टोकाला बांधलं आणि रिकामा हात त्याच्यासमोर धरला.

"त्या बांगड्या द्या इकडं."

"आता?"

"मी हाये ना अजून! खिशात कायले ठेवता?"

त्यानं रुमाल सोडला. त्याची बोटं गुलाबी, तिचा हात मातीनं भरलेला. एकेक करून चारही बांगड्या त्यानं तिच्या मनगटात चढवल्या. मग दोघं पुढच्या ओल्या गोलाकडे सरकली. त्यानं खळगा केला, तिनं एकच बी टाकलं, आणि दोघांनी मिळून वर माती लोटली.