हसनैनचा रिपोर्ट

धुळ्याहून जळगावला निघालेल्या शनिवारच्या बसमध्ये मी सरकून म्हणाले, "चाचा, बसा ना." तो वळला... आणि माझ्याच वयाचा निघाला. केस तेवढे पांढरे.

"सव्वीस," तो हसला. "पण बसतो. चाचा म्हणून का होईना."

तो हसनैन; धुळ्यात कपडे शिवायचा. मी मिसबाह, जळगावातल्या पिंप्राळ्याची. धुळ्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दर शनिवारी दोघंही घरी जायचो. हळूहळू तो माझ्यासाठी जागा धरू लागला आणि मी शनिवार मोजू लागले.

एकदा त्याने एक कागद पुढे केला. "मॅडम, हे समजावाल?"

त्याचे अब्बा फुप्फुसं कडक होऊन पंचेचाळिशीत गेले होते. त्यांचेही केस असेच लवकर पिकलेले. म्हणून डॉक्टरांनी तपासणी करायला लावली होती.

"गुणसूत्रांची टोकं म्हणजे टेलोमिअर," मी म्हणाले. "पेशी दुभंगली की ती थोडी झिजतात. काही पेशींत टेलोमरेज नावाचं विकर ती झीज भरून काढतं. तुमच्यात ते जवळपास निम्मंच काम करतं... म्हणून टोकं आखूड. त्यामुळे केस लवकर पिकतात, पुढे फुप्फुसांनाही त्रास होऊ शकतो."

"म्हणजे अब्बांसारखं?"

वर्गात हे मी धडाधड शिकवते. तेव्हा मात्र—

"माहीत नाही. कुणाला लवकर त्रास होतो, कुणाला खूप उशिरा. मुलांमध्ये जायची शक्यता निम्मी."

पुढच्या शनिवारी तो मागच्या सीटवर बसला. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मला राग आला, मग रडू आलं. नक्की कशाचं, ते कळेना. सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी सरळ त्याच्या दुकानात गेले.

"मागे का बसतोस?" मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

"रिपोर्ट तूच वाचलास ना?" तो कापडाकडे बघत म्हणाला.

"वाचला. उद्या अकराला फुप्फुसांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी येणार आहे."

"कोण म्हणून?"

याचा विचारच केला नव्हता. "होणारी बायको म्हणून," तोंडातून निघून गेलं आणि मीच गोंधळले.

त्याने गळ्यातली टेप काढली, परत घातली. "घरी विचारलंस?"

"नाही. आधी तुला विचारतेय."

"उद्या माझं काय होईल, मला ठाऊक नाही, मिसबाह."

"मलाही नाही."

त्याने पुढ्यातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग हलकेच म्हणाला, "अकरा ना? मी पावणेअकरालाच येतो."