स्लोला बंद पडणारं इंजिन

टीव्ही बंद करा आणि जरा जवळ सरका. धायरीच्या रंगरावला मी चांगला ओळखत होतो. थापा मारायची त्याला सवय नव्हती. हे घडलं दोन हजार तीन साली, खंडेनवमीच्या रात्री.

रंगरावच्या गॅरेजात सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती. खंडेनवमीला पूजा झाली की दसरा होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही, असा घरचा नेम. दरवर्षी पूजा धाकटा भाऊ संपत करायचा आणि ओल्या कुंकवात तळहात बुडवून भिंतीवर पंजा उठवायचा. त्या पंज्याला मधलं बोट नसायचं. लहानपणी ते मशिनच्या पट्ट्यात गेलं होतं. यंदा कुंकवाची वाटी भरलेली होती आणि भिंत कोरी. संपत भाद्रपदात धरणात बुडाला होता.

दिवेलागणीनंतर दारात जीप थांबली. पांढराशुभ्र सदरा घातलेला उत्तरेश्वरशेठ उतरला. संपत याचीच होडी चालवायचा. आयटीवाल्यांच्या सहलीत एक पोरगा पाण्यात पडला, संपतनं उडी टाकून त्याला काठाकडं ढकललं, तोवर होडी वाऱ्यानं लांब गेली आणि संपत दमून बुडाला. शेठनं पोलिसांना सांगितलं, इंजिन ठणठणीत होतं, गडीच प्यायलेला होता. तेव्हापासून संपतच्या बायकोला, शालनला, गावात मान वर करता येईना. आणि हा निर्लज्ज माणूस तेच इंजिन घेऊन आला होता.

“उद्या कंपनीची पार्टी आहे, रंगराव. रेस दिली की पळतं, स्लोला आणलं की बंद पडतं. तेवढं बघा.”

“कवापास्नं?”

“झाले दोनेक महिने.”

रंगरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पोराला घ्यायला संपतनं होडी हळू केली, तेव्हाच हे बंद पडलं होतं.

नेम मोडून त्यानं पाना उचलला. इंजिन पाण्याच्या पिंपावर चढवलं, दोरी ओढली. चाललं. स्लोला आणलं, बंद. प्लग बदलला, तरी बंद. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं होतं. मग टाकीच्या बुडाशी बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. साबण. गळकी टाकी बदलायची सोडून शेठनं आतबाहेर फटीत साबण चोळला होता. टाकी उतरवून खाली ठेवली, कार्बोरेटर सोडवून खोलला, तर स्लोला पेट्रोल देणाऱ्या जेटच्या बारीक भोकात त्याच साबणाचा कण.

“साबणावर भागवलंस, आन् माझा भाऊ घालवलास?”

“तोंड सांभाळून. साबण काय, कोणीही लावला असेल. सिद्ध करा.”

वीज गेली.

दारात उभी राहून ऐकणारी शालन कंदील घ्यायला आत वळली...

इंजिन सुरू झालं.

कार्बोरेटर रंगरावच्या हातात होता. टाकी जमिनीवर. दोरी कोणी ओढली नव्हती.

टुक... टुक... टुक... स्लोला. एकदाही न अडखळता.

“बंद करा ते,” शेठ म्हणाला.

रंगराव जागचा हलला नाही.

टुक... टुक...

“रंगराव... माझ्या मागं कोण आहे?”

मागं भिंत होती. कोरी.

“कोण आहे...”

टुक... टुक...

“सांगतो,” शेठचा आवाज चिरकला. “तो प्यायला नव्हता. टाकी गळत होती. मला ठाऊक होतं... सकाळी चौकीत जाऊन लिहून देतो.”

इंजिन थांबलं.

शालन कंदील घेऊन दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. शेठ इंजिन तिथंच टाकून, धडपडत जीपकडं निघाला.

त्याची पाठ उजेडात आली. पांढऱ्या सदऱ्यावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, ओल्या कुंकवाचा पंजा उठला होता.

मधलं बोट नव्हतं.

रंगरावनं पाहिलं. शालननंही पाहिलं. शेठला हाक मात्र दोघांनीही मारली नाही.