एका नावाला एकच खाट

सुक-यंगचं त्या दुपारचं काम तसं सोपं होतं. थाक आजोबांना खोलीतून उठवायचं, टॅक्सीत बसवायचं आणि चारच्या आत पालिकेच्या इस्पितळात पोचवायचं. फुप्फुसं पार निकामी झालेली. महिनाभर फोन करकरून खाट मिळाली होती. चार वाजले की ती दुसऱ्याला.

वॉर्ड ऑफिसात गोरगरिबांच्या खात्यात वीस वर्षं काढलेली बाई ती. नोकरी अजून संपायची होती, पण गुडघे आधीच निवृत्त झालेले. सोल स्टेशनामागची चढण चढताना तिनं तीनदा फोन आल्याचं नाटक करून दम खाल्ला.

घर म्हणजे प्लायवुडच्या खुराड्यांचा बोळ. बाहेर जानेवारीचं ऊन, आत मिट्ट काळोख. बुरशीचा, मलमाचा आणि कुणाच्या तरी कालच्या शेवयांचा वास. थाकच्या दाराशी दह्याची चिमुकली बाटली होती. पालिका एकट्या म्हाताऱ्यांना रोज एक धाडते. दाराशी बाटल्या साचल्या की समजायचं, आत काहीतरी झालंय. थाकची बाटली रिकामी, विसळून पालथी घातलेली. सुक-यंगचा जीव भांड्यात पडला.

"आजोबा, चला. टॅक्सी उभी आहे."

"कोण... मॅडम?"

"नाही, तुमची होणारी बायको. उघडा दार!"

आत कुणीतरी हसलं, मग खोकलं. "कपडे घालतोय... थांबा जरा."

ती पायरीवर बसली. थंडी बुडातून वर चढत होती. उगाच गप्प कशाला बसायचं म्हणून सासूच्या खारट किमचीचं पुराण लावलं. आतून मधूनच हुंकार येत होता.

"आजोबा, लग्नाला निघालात का हो? किती तो नट्टापट्टा!"

"मॅडम... एकालाच नेणार?"

"खाट एकच आहे. तुमच्या नावाची."

मग भिंतीला कापड घासल्यासारखा आवाज. हळूहळू... दाराच्या अगदी जवळ आला.

"मग दुसऱ्यानं कुठे जायचं?"

"दुसरा कोण?"

तेवढ्यात खरोखरचा फोन आला. इस्पितळातली नर्स. "अहो, कुठे आहात तुम्ही? तुमचे थाक आजोबा येऊन तास झाला. एकटेच आले बसनं. चिठ्ठी, ओळखीचं कार्ड, सगळं आहे. झोपवलंय त्यांना."

सुक-यंग दाराकडे बघत राहिली.

घर सांभाळणारी कू बाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत वर आली. "कुणाशी बोलताय मघापासून?"

"थाक आजोबांशी."

"बाहेरून कुलूप आहे की!" कू बाईनं मोबाइलचा उजेड पाडला. खाली, उंबऱ्याशी, मुठीएवढं कुलूप. काळोखात दिसलंच नव्हतं.

उघडलं. आत एक माणूस मावेल एवढीच जागा, आणि तेवढ्यात तो मावला होता. भिंतीकडे तोंड, गळ्यापर्यंत नीट पांघरलेली गोधडी. सुक-यंगनं खांद्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. लाकूड झालं होतं. मरण आजचं नव्हतं, कालचंही नव्हतं.

कू बाई उंबऱ्याबाहेरच थांबली. "दोघं होते, मॅडम. एक दिवसा झोपायचा, एक रात्री. सहा वर्षं. एकाच कार्डावर. मी कानाडोळा केला... दुसऱ्याकडे कसलाच कागद नव्हता हो."

"यातला थाक कुठला?"

"मला काय विचारता? दर महिन्याला भेटायला तुम्ही यायचात!"

यायची खरी. याच काळोखात, दार वीतभर उघडं, तोंडावर मास्क, टोपी भुवयांपर्यंत. 'बरा आहे, मॅडम,' एवढं ऐकलं की ही फॉर्मवर 'समक्ष भेट'पुढे खूण करून उतारावरून मोकळी. एका माणसाला भेटत होती की दोघांना, हेही तिला सांगता आलं नसतं.

"मग माझ्याशी बोललं कोण?" तिनं हळूच विचारलं.

कू बाई गोधडीकडे बघेना. "आवाज मीही ऐकला. म्हणून तर किल्ल्या घेऊन आले."

हवालदार आला, वही उघडून म्हणाला, "नाव?"

सुक-यंगनं गोधडीकडे पाहिलं. हा थाक, असं म्हणावं तर त्या खाटेवरचा माणूस आज संध्याकाळी तसल्या फुप्फुसांनिशी स्टेशनाच्या फरशीवर. तो थाक म्हणावं तर हा बिनानावाचा जळणार. बेवारशांच्या शोकसभेत पाटीवर नाव नाही, नुसता नंबर. आणि नाव होतं एकच.

"मॅडम, ओळखता का यांना?"

"नाही." सहा वर्षांत त्या खोलीबद्दल तिनं सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट.

हवालदारानं लिहिलं, 'अनोळखी इसम'. लिहिताना गोधडी हलली असं तिला वाटलं. कू बाई म्हणाली, वारा. पण त्या खोलीला खिडकी नव्हती.

इस्पितळात पोचेपर्यंत पाच वाजले. खाट कोपऱ्यात, भिंतीला लागून. वर एक वाळका म्हातारा, नाकात नळी. हा चेहरा पूर्वी पाहिलाय की नाही, ते तिला आताही कळेना.

"सगळं झालं, आजोबा," ती कुजबुजली. "खाट तुमचीच. पण मला एकटीला सांगा... थाक कोण?"

"मी."

"आणि तो?"

त्यानं डोळे मिटले. "तोही..."

नर्स वैतागून आली. "तुम्ही तरी सांगा यांना! बघा कसे काठावर झोपलेत. चारदा मधे सरकवलं, परत कडेला. पडतील हो खाली."

"थांबा, चादर नीट करते," सुक-यंग म्हणाली. भिंतीकडची अर्धी खाट मोकळी होती. तिनं वाकून तिथल्या चादरीचं टोक धरलं आणि ओढलं.

चादर निघेना. मोकळ्याच बाजूला, कुणाच्या तरी अंगाखाली दबल्यासारखी, ती घट्ट बसली होती.