ऐकलं, येतोय

ही गोष्ट खरी आहे.

खोटी सांगायची असती, तर मी ती एखाद्या काळोख्या रात्री पडक्या चर्चमध्ये घडवली असती. ही घडली सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, दुपारी सव्वा वाजता, लख्ख उन्हात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे. आता खुराड्यामागे घडलेली गोष्ट कोण मुद्दाम रचेल?

ज्याच्या बाबतीत घडली तो कानिओ माझा मावसभाऊ. थोडी हेझलनटची झाडं, चार गायी, उतारावरचं घर आणि घरामागे चिकणमातीचा डोंगर, एवढा त्याचा संसार. आणि अर्थात बायको, इन्कोरोनाता. तिला मी शेवटी मोजलं हे तिला कळलं, तर माझी धडगत नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये डोंगर सरकला. काही गाजावाजा न करता खाली आला आणि खुराड्याच्या भिंतीशी थांबला. तिथून घराची भिंत अकरा पावलं. कानिओने मोजली होती. रोज मोजायचा.

ऑक्टोबरात पाऊस लागला की डोंगर उरलेली अकरा पावलं चालणार, हे सगळ्यांना दिसत होतं. उपाय एकच. घराच्या वरच्या अंगाला आडवा खोल चर खणायचा आणि पाणी बाजूच्या ओढ्यात काढून द्यायचं. पण वाट इतकी अरुंद की कुठलाही कंत्राटदार आपलं यंत्र वर आणायला तयार होईना.

तेव्हा कानिओने दोन गोऱ्हे दिले आणि नदीपलीकडच्या एका भंगारवाल्याकडून जुना चेन लोडर आणला. म्हणजे रणगाड्यासारखं लोखंडी चेनवर सरपटणारं, पुढे दात असलेली बकेट लावलेलं धूड. त्याला ताजा पिवळा रंग दिला होता. रंग खरवडला तर आतलं यंत्र कोसळेल, अशी एकंदर अवस्था.

इन्कोरोनाताने अंगणात उभं राहून ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "गोऱ्हे निदान चालत तरी होते."

दुरुस्तीला विताले मिस्त्री आला. हा वरच्या खोऱ्यातला. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा, आणि यंत्राशी जास्त बोलणारा. अख्खा ऑगस्ट तो त्या धुडाखाली पालथा पडून होता. चेनच्या पिना ठोकून काढल्या, रोलर बदलले, तेलाच्या फुटक्या नळ्या बदलल्या. इंजिन सुरू करणारा सेल्फ तर पार मेलेला होता. तो काढून नवा बसवला. शेवटी बटण दाबल्याबरोबर इंजिन सुरू झालं, तेव्हा इन्कोरोनातानेसुद्धा खिडकीतून मान बाहेर काढली. ती स्तुती समजायची.

त्या मंगळवारी सकाळी चर खणायला सुरुवात झाली.

अर्धा तास झाला.

इंजिन बंद पडलं.

विताले म्हणाला, डिझेलमध्ये हवा शिरली असेल. हवा काढली. सुरू केलं.

अर्धा तास... पुन्हा बंद.

फिल्टर बदलला. अर्ध्या तासाने बंद. फीड पंप उघडला, पुसला, बसवला. अर्ध्या तासाने बंद. बंद पडायची जेवढी कारणं मिस्त्रीला ठाऊक होती, तेवढी त्याने दुपारपर्यंत एकेक करून बदलून टाकली. मग नवी नळी आणायला तो खाली आपल्या गाडीकडे गेला.

सव्वा वाजत आला होता. आमच्याकडे एक ते चार कुणी बाहेर राहत नाही. दारं-खिडक्या लावून माणसं आत पडतात. म्हातारे त्या वेळेला उलटी वेळ म्हणतात. तेव्हा शेतात कोण फिरतं, हे विचारू नये अशी पद्धत आहे. इन्कोरोनाताने दोनदा हाक मारली, की उलटी वेळ झाली, जेवायला या. कानिओ वरून म्हणाला, "मला ऑक्टोबरची भीती आहे. भुतांना सांग, रांगेत उभी राहा."

आणि त्याने इंजिन सुरू केलं. म्हटलं, मिस्त्री येईपर्यंत चार बकेट तरी काढू.

चारच काढल्या.

या वेळी त्याचं लक्ष होतं. डिझेल कमी पडलं की इंजिन खोकतं, आचके देतं. हे खोकलं नाही. चालता चालता गप्प झालं.

कुणीतरी बंद केल्यासारखं.

कानिओचे दोन्ही हात दांड्यांवर होते. त्याने खाली पाहिलं. इंजिन बंद करायची एक मूठ असते, बाहेर ओढायची...

ती वीतभर बाहेर ओढलेली होती.

मग त्याला दुसरी गोष्ट जाणवली. रातकिड्यांसारखे किर्रर्र करणारे किडे आमच्याकडे झाडांवर दिवसभर ओरडतात. ते थांबले होते. कोंबड्या थांबल्या होत्या. ओढ्याचं पाणी वाहताना दिसत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता.

आणि त्या शांततेत, चेनच्या खालून...

टक्.

टक् टक्.

टक्.

तापलेलं लोखंड थंड होताना वाजतं, हे कानिओला माहीत होतं. पण ते हळूहळू कमी होत जातं. हे कमी होत नव्हतं.

आता इथे कानिओने जे केलं, ते नदीच्या आमच्या काठचाच माणूस करू शकतो. सतरा वर्षांपूर्वीच्या भूकंपात आमच्या काठची फक्त धुराडी पडली. पलीकडे, वरच्या खोऱ्यात, गावंच्या गावं बसली. त्यामुळे पलीकडच्या माणसाला जे झोपेतही ठाऊक असतं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

कानिओ खाली उतरला, बाजूला पडलेला पाना उचलला आणि दारावर ठोकावं तसं चेनवर तीनदा ठोकलं. ठक्. ठक्. ठक्.

"कोण आहे?" तो म्हणाला. गंमत म्हणून.

खाली सगळं गप्प झालं.

क्षणभर...

आणि मग खालून ठोक्यांचा पाऊस सुरू झाला. भराभर, ताल नाही, मोजमाप नाही. बंद दाराआड फार दिवस बसलेल्या माणसाला बाहेर पावलं वाजलेली ऐकू यावीत, तसे.

कानिओच्या हातातून पाना पडला. ठोके थांबले ते विताले मिस्त्री चढ चढून वर आला तेव्हा. मिस्त्रीच्या हातात नळी होती. त्याने आधी ओढलेली मूठ पाहिली. मग पडलेला पाना पाहिला.

"तू ठोकलंस?"

"मिस्त्री, खाली काहीतरी आहे."

"ते विचारत नाही. तू किती वेळा ठोकलंस?"

"तीन."

 विताले खरवडायची पट्टी घेऊन बकेटच्या डाव्या दांडीचा ताजा रंग खरवडायला लागला. एक वीत, दोन वीत. खाली वेल्डिंगची जाड, वाकडी शिवण निघाली. तिच्यावर अंगठा फिरवत तो म्हणाला, "हे माझं आहे. तेव्हा माझा हात असाच वाकडा चालायचा."

मग त्याने सांगितलं. त्याने ते आधी कुणाला सांगितलं नसावं, कारण त्याला शब्द शोधावे लागत होते.

भूकंपाच्या साली तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि हाच लोडर ढिगाऱ्यावर चालवत होता. तिथे एक नियम होता. दर अर्ध्या तासाला शिट्टी वाजायची. शिट्टी वाजली की सगळी यंत्रं बंद. माणसांनी श्वाससुद्धा धरायचा. एक जण खाली तोंड करून विचारायचा, कुणी आहे का? आणि सगळे ऐकायचे.

"खालची माणसं कशीही ठोकतात," विताले म्हणाला. "दोनदा, पाचदा, जमेल तसं. तीन ठोके फक्त वरच्यांचे. त्याचा अर्थ, ऐकलं, येतोय. एकदा तीन ठोके दिले की तिथून हलायचं नाही. खणून काढेपर्यंत हलायचं नाही."

कानिओने पाना पायाने लांब सरकवला.

तेव्हा लोडरचा सेल्फ मेलेला होता. बंद केलं तर दुसऱ्या यंत्राने ओढल्याशिवाय सुरू होत नसे. आणि विताले सगळ्यांत कडेला होता. तिसऱ्या दिवशी शिट्टी वाजली, तेव्हा त्याने इंजिन बंद केलं नाही. नुसतं हळू ठेवलं. घुरघुरत. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी सोळा वेळा शिट्टी वाजली.

सोळाही वेळा त्याने तेच केलं.

पाचव्या दिवशी तिथेच खणलं. खाली स्वयंपाकघर निघालं. एक बाई होती. हातात लोखंडी पळी.

"पळीचं टोक चपटं झालं होतं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाला, कालपर्यंत होती."

ज्या यंत्राचा सेल्फ मेला म्हणून हे झालं, त्याला त्या ऑगस्टमध्ये नवा सेल्फ त्यानेच बसवला होता. सतरा वर्षं उशिरा.

कानिओ भला माणूस आहे, पण त्याच्या डोळ्यांसमोर अकरा पावलं होती. त्याने विचारलं, "मग चराचं काय करायचं?"

"खणायचा. पण त्या बाईला मूठ ओढायला लावायची नाही. आपणच ओढायची. दर अर्ध्या तासाला. आणि परत ठोकायचं नाही, काही झालं तरी."

पुढचे नऊ दिवस त्यांनी तसा चर खणला. दर अर्ध्या तासाला विताले मूठ ओढायचा, टोपी काढायचा आणि मातीत तोंड खाली करून विचारायचा, कुणी आहे का? मग एक मिनिट दोघं उभे. त्या नऊ दिवसांत इंजिन आपणहून एकदाही बंद पडलं नाही.

पण प्रत्येक शांततेत...

टक्. टक् टक्.

आणि कानिओच्या एक गोष्ट लक्षात आली. ती त्याने मिस्त्रीला सांगितली नाही. मिस्त्रीच्याही लक्षात आली असणार. त्यानेही सांगितली नाही.

ठोके लोडरखाली राहिले नव्हते. पहिल्या दिवशी ते चेनखाली होते. तिसऱ्या दिवशी चराच्या तळाशी. सहाव्या दिवशी खुराड्याजवळ. नवव्या दिवशी शेवटची बकेट ओतून इंजिन बंद केलं, तेव्हा दोघांनी माना वळवल्या त्या घराच्या भिंतीकडे.

विताले मजुरी न घेता गेला. जाताना वहिनीला नमस्कारसुद्धा केला नाही. इन्कोरोनाताला आजवर वाटतं, तिच्या जेवणात काही कमी पडलं.

ऑक्टोबर आला. मुसळधार आला. पाणी चरातून ओढ्यात गेलं, डोंगर जागचा हलला नाही. अकरा पावलं अकराच राहिली. गावाने कानिओची पाठ थोपटली. लोडर गोठ्यामागे ताडपत्रीखाली झाकला गेला. तिथून कधी आवाज आला नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, भर दुपारी, इन्कोरोनाता टोमॅटोचा सॉस ढवळत होती. कानिओ टेबलाशी पाव कापत होता. तिची एक सवय आहे. आमच्याकडच्या सगळ्या बायकांची आहे. ढवळून झालं की पळीला लागलेला सॉस परत पातेल्यात पडावा म्हणून पळी काठावर आपटायची. तीनदा.

ठक्. ठक्. ठक्.

कानिओची सुरी पावात थांबली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. हा आवाज त्याने हजारो वेळा ऐकला असेल. पहिल्यांदाच त्याने तो मोजला.

बाहेर कोंबड्या गप्प झाल्या.

आणि फरशीखालून...

ठक्.

ठक्.

ठक्.

तीन. सावकाश, सारख्या अंतराने. कसेतरी नव्हे.

"तुम्ही पाय आपटलात का?" इन्कोरोनाताने विचारलं आणि उरलेला सॉस झटकायला पळी पुन्हा उचलली. कानिओने उठून तिचं मनगट धरलं. गरम सॉस त्याच्या हातावर सांडला. त्याचा डाग अजून आहे.

सप्टेंबरात त्याने ज्याला तीन ठोक्यांनी शब्द दिला होता, त्याला काढायला तो कधी गेलाच नाही. कुठे जायचं तेच कळलं नव्हतं. आता खालून तोच शब्द परत येत होता.

ऐकलं, येतोय.

त्या घरात आता पळी आपटत नाहीत. बशीत ओलीच ठेवतात. दारावर कुणी ठोकत नाही, अंगणातून हाक मारायची. फरशी उपटून पाहा, असं मी एकदा सुचवलं होतं. कानिओने माझ्याकडे असं पाहिलं की मी हवापाण्याचा विषय काढला.

गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण झालं, वाईन झाली, गप्पा रंगल्या. इन्कोरोनाताने अक्रोड पुढे ठेवले. मी बोलण्याच्या नादात एक उचलला आणि फोडायला टेबलावर आपटला. अक्रोड कडक होता. पुन्हा आपटला. तेवढ्यात कानिओने झटकन माझ्या मुठीखाली आपला तळहात घातला.

मला आठवलं. मी हात तसाच हवेत धरला. तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

मी दोनदाच आपटला होता. हे मी शपथेवर सांगतो.

तिसरा ठोका खालून आला.

तो अक्रोड माझ्या कोटाच्या खिशात आहे. अजून फोडलेला नाही.