सेवागौरवाची चोरी

"ट्रॉफी गेली!" संगमेश दारातूनच म्हणाला.

सोलापुरातल्या 'चंद्रकोर करमणूक' कंपनीचा तो मालक. तासाभरात तालीम हॉलमध्ये कंपनीचा सेवागौरव समारंभ होता आणि ट्रॉफी ऑफिसातून गायब. खासगी गुप्तहेर वैजयंती लगेच निघाली. तिचा सहायक अजिंक्य चहा संपवून, म्हणजे नेहमीसारखा उशिरा, मागून पोचला.

मेजावर ट्रॉफीवरचं मखमली कापड होतं. शेजारी त्याची दोरी, एकसारखं वेटोळं करून मधोमध बांधलेली. भिंतीवर सात जुन्या मानकऱ्यांचे फोटो होते.

"ही मंडळी आता कुठे असतात?" वैजयंतीने विचारलं.

"घरी. बाबांच्या काळापासून हा मान निवृत्तीच्या वेळीच देतो. यंदा मी ती प्रथा मोडतोय, पण अजून कुणाला बोललो नाही."

दुपारपासून खोलीत दोघेच येऊन गेले होते. निवेदिका संस्कृती म्हणाली, "मी कागद न्यायला आले. ट्रॉफीवरचं नाव वाचायची लई इच्छा झाली, पण कापडाला हात नाही लावला."

"हिची पिशवी केवढी मोठी आहे!" अजिंक्य कुजबुजला.

दुसरे कासीमचाचा, अडतीस वर्षं लाइट सांभाळणारे. "बल्ब बदलाय गेलतो," ते म्हणाले. बोलता बोलता त्यांनी हातातल्या वायरचं वेटोळं करून मधोमध गाठ मारली.

"घरी कोण असतं, चाचा?" वैजयंतीने विचारलं.

"कोन न्हाय. मी हितंच असतो की."

वैजयंतीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं.

"दुसऱ्या कुणी सोडली असती, तर दोरी तशीच पडली असती," ती हळू आवाजात म्हणाली. "चाचा, तुमच्या हाताला दोरी तशी टाकायची सवय नाही. तुम्ही कापड सोडून नाव पाहिलंत. ते तुमचंच निघालं. आणि हे फोटो घरी गेलेल्या माणसांचे आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं."

चाचांनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं. "दिव्यांच्या पेटीत ठिवलीया. घरी जाऊन मी काय करू रे, संगमेश?"

संगमेशचे डोळे भरले. "कोण पाठवतंय तुम्हाला, चाचा? चूक माझी. आधी सांगायला हवं होतं."

समारंभात चाचांचं नाव पुकारलं, तरी ते जागचे हलेनात.

"मी वर गेलो तर लाइट कोन देनार?"

"मी देतो," म्हणत संगमेश स्वतः दिव्यामागे उभा राहिला. संस्कृतीने चाचांच्या हातात ट्रॉफी ठेवली. प्रकाश मात्र भलतीकडेच, पडद्यावर पडला होता.

ट्रॉफी काखेत धरून चाचा स्टेजवरून ओरडले, "डावीकडं घे की, पोरा! मी हितं हाय!"